काय खाल्लेत, कुठे राहिलात? : परदेशी विद्यार्थ्याची जबानी आणि मराठी गद्य

१

प्रवासवर्णनाची चर्चा करताना मराठी समीक्षेने 'पाहणे' ही क्रिया मध्यवर्ती मानलेली आहे. लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले, पाहिलेल्याचा प्रत्यय त्याने कितपत उत्कटतेने दिला, हे आपले नेहमीचे निकष. शिक्षणासाठी परदेशी राहिलेल्या व्यक्तींचे लेखन या निकषांवर उणे ठरते. विद्यार्थी हा खऱ्या अर्थाने प्रवासी असतो तो फक्त जाताना आणि परतताना. मधली दोन-तीन वर्षे तो रहिवासी असतो, आणि तोही मोठ्या विचित्र अवस्थेतला. घर नाही, पण मुक्काम आहे. उत्पन्न नाही, पण खर्चाचा हिशेब आहे. नाते नाही, पण रोजची संगत आहे. त्याचे जग प्रेक्षणीय स्थळांचे नसते. ते खोली, शेगडी, ताट, अंगावरचे कपडे आणि महिनाअखेरची शिल्लक यांचे असते. अशा मजकुरात निसर्ग नाही, नगरवर्णन नाही, आणि आत्मशोध म्हणावा असा अंतर्मुख सूरही फारसा नाही. त्यामुळे हे लेखन आपण चरित्राची साधनसामग्री म्हणून वापरतो; वाङ्मय म्हणून वाचत नाही.

प्रस्तुत लेखात या वर्गीकरणालाच हरकत घ्यायची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी परदेशी शिकायला गेलेल्या मराठी माणसांच्या लेखनात दैनंदिन तपशील एवढ्या प्रमाणात का येतो, आणि विशिष्ट तपशीलच का येतो, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हा तपशील वर्णनाच्या हौसेतून आलेला नाही, तो जबानीतून आलेला आहे. परतल्यावर, किंबहुना निघण्यापूर्वीच, एक प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा केलेला असे. तेथे काय खाणार, कोणाच्या हातचे खाणार, काय नेसणार, कोणात राहणार? रोजचे जगणे हा पुरावा होता. पुरावा म्हणून ते लिहिले गेले, आणि पुरावा म्हणूनच जपले गेले.

ही चौकशी करणारे पीठ काल्पनिक नव्हते. समुद्रयात्रा कलिवर्ज्य मानली गेली होती, आणि या निषेधाचा खरा रोख समुद्राच्या पाण्यावर नसून ते ओलांडल्यावर न सांभाळता येणाऱ्या अन्नोदकाच्या नियमांवर होता. परतलेल्याने प्रायश्चित्त घ्यावे की नाही, घेतल्यास कोणते, हे वाद त्या काळी घरोघर आणि वृत्तपत्रांतून चालत. गांधी १८८८ साली बॅरिस्टरीसाठी निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. आईपुढे घेतलेली मांस, मद्य आणि परस्त्री यांविषयीची शपथ ते बरोबर घेऊन गेले. पुण्यात तर परदेशी जाण्याचीही गरज पडली नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य उभे राहिले, त्यात टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. पेला नुसता हाती घेतला की ओठाला लावला, या भेदाला तेथे किंमत आली. उपस्थितांची यादी वृत्तपत्रात जाहीर होण्यास कारण झालेले गृहस्थ होते गोपाळराव जोशी, म्हणजे अमेरिकेत शिकून परतलेल्या पहिल्या मराठी महिला डॉक्टरांचे पती. हा योगायोग पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक सैद्धांतिक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. पाश्चात्त्य आत्मचरित्राची परंपरा कबुलीजबाबाशी जोडण्याची रीत आहे. मिशेल फूको यांनी कबुलीची ही यंत्रणा माणसाला स्वतःविषयी बोलायला, आपल्या इच्छांच्या तळाशी जायला कसे भाग पाडते, हे दाखवले. आपल्याकडील प्रायश्चित्तविचारात हेतूचा विचार अगदीच नाही असे नव्हे. परंतु जातीच्या सभेपुढे प्रश्न येतो तो मुख्यतः कृतीचा. मनात काय आले यापेक्षा तोंडात काय गेले, हे तेथे निर्णायक. कबुलीजबाब आत वळतो, जबानी बाहेरच्या वस्तूंकडे वळते. मराठी विद्यार्थ्यांच्या लेखनात अंतरंगाची वाण आहे अशी तक्रार करताना आपण एका परंपरेचे माप दुसरीला लावत असतो. या लेखनातले अंतरंग वस्तूंत आहे, आणि ते तेथेच वाचले पाहिजे.

२

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांत परिचित, आणि म्हणूनच सर्वांत कमी वाचलेले. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व, आणि अवघ्या दहा दिवसांत त्या अपत्याचा मृत्यू; १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून प्रयाण, जूनच्या चार तारखेस न्यूयॉर्क; पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे; ११ मार्च १८८६ रोजी पदवी; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. हा आलेख प्रत्येक शालेय पुस्तकात आहे. परंतु या आलेखाला आधार देणारी संहिता म्हणजे पत्रे : फिलाडेल्फियाहून पतीला लिहिलेली, आणि रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या, ज्यांना त्या 'मावशी' म्हणत, त्यांना लिहिलेली. बोस्टनच्या कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत लिहिलेले चरित्र आणि काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र, दोन्ही या पत्रांवर उभी आहेत. काशीबाईंचे चरित्र हे मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले आरंभीचे चरित्र. त्यात पत्रांना दिलेली जागा पाहिली की लेखिकेला आपल्या साधनांचे मोल किती ठाऊक होते, हे कळते.

या पत्रांची गुरुकिल्ली मात्र पत्रांत नाही. ती प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात केलेल्या इंग्रजी भाषणात आहे. आपण अमेरिकेस का जातो, हा त्याचा विषय. भाषणाची बांधणी प्रश्नोत्तरांची आहे. हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का जाता? परतल्यावर बहिष्कार पडणार नाही काय? संकट आल्यास काय कराल? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही ते तुम्ही का करावे? हे प्रश्न वक्त्याने कल्पनेने रचलेले नाहीत. ते तिला वाटेत, शेजारात, पोस्टाच्या कचेरीच्या दारात विचारले गेलेले आहेत. बहिष्काराच्या प्रश्नाला आनंदीबाईंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू; आहार, पोशाख, आचार यांत बदल करणार नाही; हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू. मग बहिष्कार कशासाठी?

युक्तिवाद म्हणून हे उत्तर बिनतोड आहे. परंतु त्याची किंमत पुढील तीन वर्षांतील प्रत्येक दिवसाने मोजायची होती. या एका आश्वासनाने सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीने आपले सगळे दैनंदिन जीवन भर सभेत तारण ठेवले. त्यानंतर फिलाडेल्फियातील कोणतेही जेवण हे नुसते जेवण राहिले नाही, कोणतेही वस्त्र नुसते वस्त्र राहिले नाही.

लुगड्याचा प्रश्न घ्या. नऊवारीच्या नेसणीत पोटरी उघडी राहते. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ही गैरसोय थोडी नव्हे. शिवाय त्या समाजाच्या दृष्टीने ते असभ्यही. इंग्रजी झगा घातला तर वचनभंग होतो, न घातला तर प्रकृतीला धोका. आनंदीबाईंनी गुजराती वळणाने साडी नेसण्याचा मधला मार्ग काढला. आज हा बदल क्षुल्लक वाटेल. पण पतीला लिहिलेल्या पत्रांत त्याचे समर्थन करावे लागते, यातच सारे आले. शेवटी हिंदुस्थानातल्याच एका प्रांताची नेसण आहे, परक्यांची नव्हे, हा त्या निवडीतला अर्थ. वचनाच्या शब्दाला धरून राहायचे आणि त्याच्या आतच थोडी हालचाल करायची, अशी ही तडजोड आहे. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशी पोशाखात. ते पाहताना आपल्याला पूर्वेकडील स्त्रीच्या विजयाची आठवण होते, आणि ती खरीही आहे. परंतु आनंदीबाईंच्या बाबतीत ते छायाचित्र पुराव्याचा कागदही आहे. संस्थेला आपली विविधदेशीय कीर्ती दाखवायची होती. विद्यार्थिनीला आपले लुगडे दाखवायचे होते. एकाच प्रतिमेत दोन साक्षी नोंदल्या गेल्या.

दुसरा तपशील खोलीतल्या शेगडीचा. महाविद्यालयाकडून राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोली धुराने भरे, न पेटवावी तर थंडी. धूर किंवा गारठा, एवढीच निवड. चरित्रकार हा तपशील पुढील क्षयाच्या कारणमीमांसेत वापरतात, आणि ते गैर नाही. परंतु पत्ररूप संहितेत त्याचे स्थान वेगळे आहे. अन्नाविषयी, वस्त्राविषयी, संगतीविषयी जे सांगितले जाते ते विचारले जाणार म्हणून सांगितले जाते. धुराविषयी कोणी विचारलेले नव्हते. धूर धर्मबाह्य नाही आणि धर्म्यही नाही. बहिष्काराच्या कोणत्याही कलमात तो बसत नाही. जबानीच्या काटेकोर चौकटीत न मागितलेला असा तपशील शिरतो, तेव्हा साक्षीदाराच्या मागे असलेली व्यक्ती क्षणभर दिसते. एकटेपण, भय, थकवा यांविषयी लांब परिच्छेद लिहिण्याची मुभा या गद्याला नव्हती. त्याने ते सारे एका शेगडीवर सोपवले.

आणि हे लिहिले जात होते कोणाला? बाख्तिन म्हणतात त्याप्रमाणे प्रत्येक उच्चार ऐकणाऱ्याकडे तोंड करून असतो, आणि त्याच्या अपेक्षित उत्तराने आधीच घडलेला असतो. आनंदीबाईंच्या मराठी पत्रांचा श्रोता म्हणजे ज्याने त्यांना शिकवले, पाठवले, आणि पाठवल्यानंतर संशयही घेतला असा पती. गोपाळरावांच्या टोचणाऱ्या पत्रांना उत्तर देताना त्या कधी समजावतात, कधी दुखावतात, क्वचित ताठपणे आपली बाजू मांडतात. समाजाचे पीठ दूर पुण्यात होते. त्याचा प्रतिनिधी टपालाच्या दर खेपेला हजर होता. पुढे १८९० मध्ये चहा घेणाऱ्यांची नावे जगापुढे मांडणारे गोपाळराव समाजाची खोड मोडू पाहत होते की तिचा आनंद घेत होते, हा वेगळा प्रश्न. कोणी काय प्यायले याची नोंद किती स्फोटक ठरू शकते, हे मात्र त्यांना चांगले ठाऊक होते. तशीच नोंद त्यांच्या पत्नीने त्यांना तीन वर्षे पाठवली होती.

३

आनंदीबाई एका पीठापुढे उभ्या होत्या. पंडिता रमाबाईंना दोन पीठांना उत्तर द्यावे लागले. १८८३ च्या एप्रिलमध्येच, लहानग्या मनोरमेला घेऊन, वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात त्यांची व्यवस्था झाली. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या छायेखाली त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

धर्मांतराने जातीच्या पीठाचा प्रश्न एका अर्थी निकालात निघाला. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी तो आपल्या परीने निकालात काढलाच. परंतु ताटाची चौकशी थांबली नाही. ती करणारे बदलले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या इंग्रजी पत्रव्यवहारात, जो अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे, रमाबाईंचा शाकाहार हा वारंवार वादाचा मुद्दा होतो. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नाहीत, यात सिस्टरना जातीच्या अहंकाराचा अवशेष दिसतो. ख्रिस्ताचा स्वीकार खरा असेल तर ताटात तसा दिसला पाहिजे, अशी ही मागणी. पुण्याच्या शास्त्रीमंडळींचा निष्कर्ष उलट असला तरी तर्क हाच होता : माणसाची निष्ठा त्याच्या जेवणात वाचता येते.

रमाबाईंचे उत्तर या चर्चेत फार महत्त्वाचे. आपल्या सवयी पूर्वग्रहरहित आहेत असा दावा त्या करत नाहीत. त्या प्रश्न उलटवतात. एखादी इंग्रज स्त्री हिंदुस्थानात येऊन राहिली आणि जेथे गरज नाही तेथे तिने आपल्या चालीरीती बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हणायचे काय? देशबांधवांची म्हणून जी चाल निरुपद्रवी आहे ती आपण सोडणार नाही, हा त्यांचा पवित्रा आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, याही वादात त्या संस्कृतचा आग्रह धरतात, कारण लॅटिन ही त्यांना आणि त्यांच्या लोकांना सारखीच परकी. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, हा प्रश्नही बिशपांपर्यंत गेला आणि तेथेही त्यांनी मान तुकवली नाही. आनंदीबाईंच्या पत्रांत साक्षीदार उत्तर देतो. रमाबाईंच्या पत्रांत साक्षीदार प्रश्न विचारण्याच्या अधिकारालाच आव्हान देतो. दोघी समकालीन, दोघींच्या लेखनातील वस्तू त्याच, पण वाक्यरचनेचा रोख पूर्णतः बदललेला.

या बदलाचा पुढचा टप्पा म्हणजे १८८९ सालचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये अमेरिकेस गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. त्या मुक्कामातून निर्माण झालेल्या या पुस्तकात रमाबाईंचे स्वतःचे ताट जवळजवळ नाही. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षणसंस्था, स्त्रियांच्या संघटना, आणि त्याचबरोबर काळ्या आणि मूळ रहिवासी लोकांवर झालेला अन्याय, हे विषय आहेत. पाहुणीने यजमानाची जबानी घेतली आहे. आत्मनिष्ठ तपशिलाच्या अभावामुळे या ग्रंथाला रूक्ष म्हणणे सोपे आहे. परंतु वाँटेजचा पत्रव्यवहार शेजारी ठेवला की हा अभाव हेतुपुरस्सर वाटू लागतो. ज्या स्त्रीच्या रोजच्या जेवणावर दोन खंडांत चर्चा झाली, तिने आपले जेवण पुन्हा वाचकापुढे मांडायचे नाकारले, असे मला वाटते.

४

परदेश म्हणजे पश्चिम, हे समीकरण आपल्या चर्चेत इतके पक्के आहे की धर्मानंद कोसंबी या मालिकेत आठवत नाहीत. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण १८९९ मध्ये घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, बोधगया करीत १९०२ साली सिलोनला पोचतो आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन करतो. तेथे तो श्रामणेर होतो. १९२४ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'निवेदन' आहे. हा शब्द सरकारी कागदातला, आणि देवापुढच्या नैवेद्यालाही जवळचा. पण कोसंबींच्या पुस्तकात तो जातीच्या पीठापुढचा नाही.

येथेही तपशील आहार, वस्त्र आणि निवास यांचाच आहे. परंतु नियम कोठून येतो ते बदलले आहे. मध्यान्हानंतर न जेवणे, द्रव्याला हात न लावणे, चीवरावर राहणे हे श्रामणेराचे नियम विद्यार्थ्याने स्वतः पत्करलेले आहेत. आनंदीबाई परक्या देशात घरचा नियम सांभाळत होत्या. कोसंबी परक्या देशात नवा नियम शिकत होते, आणि तो नियम शिकणे हाच अभ्यासक्रमाचा भाग होता. त्यामुळे 'निवेदना'चा सूर समर्थनाचा नाही. प्रकृती बिघडली, अन्न मानवले नाही, मुक्काम हलवावा लागला, हे ते अत्यंत निर्विकार गद्यात सांगतात. मागे सोडलेल्या पत्नीविषयी आणि मुलीविषयी मात्र त्या निर्विकारतेला तडा जातो. जबानीची गरज उरली नाही, तरी अपराधाची जाणीव उरतेच. आता ती अन्नाविषयी नसून माणसांविषयी असते. मराठी आत्मपर गद्याच्या विकासात हे स्थित्यंतर लहान नव्हे.

५

येथवर पाहिलेली सर्व उदाहरणे ब्राह्मण वा तत्सम वर्गातील आहेत, आणि हा योगायोग नव्हे. आचाराच्या नियमांनी ज्याला काही गमवायचे आहे त्यालाच परदेशातील प्रत्येक घासाची नोंद ठेवावी लागते. ही मर्यादा ओळखल्याखेरीज प्रस्तुत विवेचन पूर्ण होणार नाही. म्हणून शेवटचे उदाहरण वेगळ्या बाजूने घ्यावे लागते.

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांची मुदत, आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल असे मुक्काम. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेली पुस्तके. १९१६ मध्ये लंडन. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये अपुरे शिक्षण सोडून परत. आणि १९२० मध्ये स्वतःची शिल्लक आणि मित्रांचे साहाय्य यांच्या बळावर पुन्हा लंडन. या काळातील अर्धपोटी राहून केलेल्या अभ्यासाचे तपशील खैरमोडे यांच्यासारख्या चरित्रकारांनी गोळा केले आहेत. स्वतः आंबेडकरांनी ते विस्ताराने लिहिले नाहीत. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यांना पाठवलेल्या पत्रात जेवणाखाण्याची हकीकत नव्हे, तर मुलांबरोबर मुलींनाही शिकवले पाहिजे हा विचार मुख्य आहे.

त्यांनी विद्यार्थिदशेच्या संदर्भात जे लिहिले ते परतीचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने परिचित असलेली, मूळ इंग्रजीतील आठवणींची टिपणे १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील बडोद्याच्या प्रकरणात अमेरिका आणि इंग्लंड येथील वर्षे जवळजवळ एका वाक्यात आटोपली आहेत, आणि त्या वाक्याचा आशय एवढाच की तेथील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. पाच वर्षांच्या दैनंदिन जीवनाचे वर्णन म्हणून हे वाक्य तोकडे वाटेल. परंतु आनंदीबाईंच्या पत्रांशेजारी ठेवून वाचले की त्याचे वजन कळते. जेथे जेवणे हे केवळ जेवणे होते आणि खोली ही केवळ खोली होती, तेथे नोंदण्यासारखे काही घडतच नव्हते. दैनंदिन जीवन खऱ्या अर्थाने दैनंदिन होते, म्हणून ते अलिखित राहिले.

तपशिलांची गर्दी सुरू होते ती बडोद्याच्या स्टेशनावर. राहावे कुठे? हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही. परदेशात परिचय झालेले मित्र घरी घेतील याची खात्री नाही. मग पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून दिवसाला दीड रुपयाच्या बोलीवर जागा. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेले एकाकी दालन. रात्री मिणमिणता कंदील. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव. आश्रयासाठी विचारलेल्या दोन मित्रांपैकी एक हिंदू, एक ख्रिस्ती; दोघांकडूनही निराशा. कामाठी बागेत काढलेले तास, आणि रात्रीच्या गाडीने मुंबई. शेगडी, भाडे, दिवा, बिछाना : विद्यार्थ्याच्या परदेशी जीवनाच्या लेखनात जे जे तपशील आपण पाहिले ते सर्व येथे आहेत. फक्त परदेश बडोदे आहे.

आणि श्रोता? या टिपणांच्या आरंभीच लेखकाने स्पष्ट केले आहे की अस्पृश्यता म्हणजे काय, हे तिच्या शेजारी न राहिलेल्या परदेशी वाचकांना कळावे, हा हेतू आहे. जबानीची दिशा येथे उलटी झाली. आनंदीबाई परदेशातल्या रोजच्या जगण्याची साक्ष स्वदेशातील पीठापुढे देत होत्या. आंबेडकर स्वदेशातील रोजच्या जगण्याची साक्ष परदेशी वाचकापुढे देतात. काय खाल्लेत, हा पहिल्या पीठाचा प्रश्न. राहू कुठे दिलेत, हा दुसऱ्या साक्षीदाराचा प्रतिप्रश्न. मराठीत १९६० नंतर आलेल्या दलित आत्मकथनांतील वस्तुनिष्ठ, नेमका, पंचनाम्यासारखा तपशील कोठून आला, याचा शोध घेताना ही दिशाबदलाची जागा विसरून चालणार नाही.

६

एक आक्षेप संभवतो. पत्रात दैनंदिन तपशील असणारच. त्यासाठी जबानीचा एवढा घाट कशाला? उत्तर असे की सगळे तपशील सारख्या तऱ्हेने येत नाहीत. काही नुसते सांगितले जातात, काहींना समर्थन जोडावे लागते. अन्न, वस्त्र आणि संगत यांना पत्रलेखिकेने 'कारण', 'परंतु', 'तरी' यांची साखळी जोडलेली असते. हवामानाला, परीक्षेला ती लागत नाही. या अव्ययांचा माग काढला की लेखनाचा श्रोता सापडतो, आणि श्रोता सापडला की संहितेचा घाट कळतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असा अभ्यास एखाद्या पत्रसंग्रहापुरता जरी केला, तरी पुष्कळ हाती लागेल.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने आनंदीबाई घराघरांत पोचवल्या, याचे श्रेय निर्विवाद. पण कादंबरीने जे केले ते तिच्या प्रकृतीला धरूनच केले : पत्रांतील मोकळ्या जागा भावनांनी भरल्या आणि दांपत्यसंबंधाला केंद्रस्थान दिले. शीर्षकात दोन नावे आहेत, ती उगीच नव्हेत. त्यानंतर नाटक झाले, २०१९ मध्ये मराठी चित्रपट झाला. अंजली कीर्तने यांचे १९९७ चे साक्षेपी चरित्र आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला मीरा कोसंबी यांचा पत्रसंग्रहासह इंग्रजी ग्रंथ उपलब्ध असूनही सर्वसाधारण वाचकाच्या मनातील आनंदीबाई या कादंबरीतल्या आहेत. त्यांचे अंतरंग आपल्याला दुसऱ्याच्या भाषेत ठाऊक आहे. त्यांची स्वतःची भाषा, जी लुगड्याच्या निऱ्यांविषयी आणि धुराविषयी बोलते, ती आपल्याला पुरेशी 'वाङ्मयीन' वाटत नाही.

ही रुची तपासून पाहण्याची वेळ आली आहे. आनंदीबाईंनी सभेत दिलेले वचन पाळले. पदवीसाठी प्रबंधाचा विषयही त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच घेतला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नियुक्ती हाती असताना, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परतून आपल्या लोकांत राहीन, या आश्वासनाचा तेवढा एक अंश समुद्रापलीकडे राहिला. त्याविषयी कोणत्याही पीठाने जबाब मागितल्याची नोंद नाही. त्यांनी दिलेले जबाब मात्र आपल्यापाशी आहेत, आणि ते अजून साक्षीपुराव्याच्या बासनात बांधलेले आहेत. ते सोडवून गद्य म्हणून वाचणे, हे चरित्रकाराचे काम संपल्यावर सुरू होणारे समीक्षकाचे काम आहे.